कणीक लावलेला स्पीकर

माझ्या मावशीचे धाकटे दीर हे आवाजाचे मित्र आहेत की शत्रू, याचा निकाल मला आजतागायत लावता आलेला नाही, आणि कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला लावता आला असेल तर त्यानं पुढे यावं, असं माझं जाहीर आव्हान आहे. माझं स्वतःचं मत स्वच्छ आहे. गल्लोगल्ली कर्णे लावून लोकांच्या कानांवर अत्याचार करणाऱ्यांचा मी निषेध करतो. आमच्या ‘कर्णा हटाव’ समितीची सगळी पत्रकं मीच लिहितो आणि ‘यापुढे सहन करणार नाही’ हे शब्द त्यांत निदान दोनदा येतात. असंच एक पत्रक घेऊन मी या दीरांकडे, म्हणजे आमच्या काकांकडे गेलो तो भांडायच्या तयारीनंच. मोटारीच्या डिकीत कपाटाएवढी पेटी आणि तिच्यात परातीएवढा स्पीकर बसवणारा माणूस आमचा पहिला शत्रू असणार, यात शंका ती काय! काकांनी पत्रक उभ्याउभ्या वाचलं, सगळ्यांच्या वर सही ठोकली आणि म्हणाले, “कर्णा म्हणजे नुसती चिरचिर रे. झोडपा त्यांना. आणि माझ्या पेटीचा आवाज मोटारीबाहेर गेला, तर पेटी चुकली म्हणून समज.” मी बाहेर पडलो तेव्हा मी मोहीम जिंकलो होतो की हरलो होतो, ते मला कळत नव्हतं.

हा सगळा खटाटोप आबांसाठी होता. आबा म्हणजे काकांचे वडील. मूळचे कोडोलीचे, तिथल्या भजनी मंडळात उभी हयात पखवाज वाजवलेला माणूस. मग अर्धांगाचा झटका आला. डावा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायला लागला, आणि कानही बरेचसे गेले. झटक्याआधी काकांनी आबांच्या पखवाजाची एक टेप केलेली होती. घरातल्या टेपरेकॉर्डरवर ती लावली की आबा घटकाभर कान द्यायचे आणि तोंड फिरवायचे. “उजवा हात तेवढा वाजतोय. माझा डावा कुठं हाय?” पखवाजाच्या डाव्या तोंडाला धुमा म्हणतात. त्याचा घुमारा कानापेक्षा छातीला कळतो आणि लहान यंत्रातून तो येतच नाही. म्हातारा माणूस आपला डावा हात शोधतो आहे आणि तो त्याला मिळवून द्यायचा, एवढं एकच काकांनी डोक्यात घेतलं होतं. इथवर मलाही समजत होतं. पण त्यासाठी मोटार कशाला? “घरात खालचा सूर दारा-खिडकीतनं निघून जातोय,” काका म्हणाले. “मोटारीच्या काचा लावल्या की जातोय कुठं? येतोय आणि मांडीवर बसतोय.” मावशी आतून म्हणाली, “भावजी, खरं सांगा की पोराला! पहिली पेटी घरातच वाजवली, मांडणीवरची ताटं खाली आली, म्हणून तुमचं शास्त्र डिकीत गेलं.”

पेटीचं पोट हा काकांचा आवडता विषय. पोट लहान झालं तर आवाज गुदमरतो, मोठं झालं तर सैल पडतो, असं ते जेवतानाही सांगायचे, आणि सांगताना माझ्या पोटाकडे बघायचे. पेटी आतून वाकडीतिकडी, तिचं माप फूटपट्टीनं कसं निघणार? म्हणून ते तिच्यात मावशीचा वर्षाचा शाळू ओतायचे आणि मग मापट्यानं मोजत बाहेर काढायचे. पुढे दोन महिने त्या घरात भाकरीला पेटी चिकटवायच्या सरसाचा वास येत होता. अन्नाच्या या नासाडीविरुद्ध मी जेवतानाच आवाज उठवला. मावशीनं मला आणखी अर्धी भाकरी वाढली. पेटी कुठं फुटकी असेल तर हवा निसटते, म्हणून काका सांध्यांसांध्यांवरून उदबत्ती फिरवायचे आणि धूर कुठं हलतो ते बघायचे. एकदा रस्त्यानं जाणारा एक गृहस्थ डिकीपुढं चप्पल काढून हात जोडून उभा राहिला. “पावणं, कोणता देव म्हणायचा ह्यो?” काका मान वर न करता म्हणाले, “अजून बसला न्हाय.”

आता डिकी पेटीनं भरली म्हटल्यावर स्टेपनी कुठं ठेवायची? पुढच्या सीटवर ॲम्प्लिफायर. मागे डावीकडे आबा, कारण पेटीचं तोंड तिथं. उजवीकडे जो कोणी बसेल त्याच्या मांडीवर ते जादा चाक. आमच्या सभेसाठी शिरोळला जाताना ते मी मांडीवर वाहिलं आणि ग्रीस लागलेल्या शर्टानं व्यासपीठावर चढून स्वच्छ समाजाबद्दल बोललो. “काय पुढारी,” आबा वाटेत म्हणाले, “चाक नीट धरा. देश मागनं सांभाळा.”

दर नव्या पेटीनंतर काका आबांना उचलून मागच्या सीटवर बसवायचे, काचा लावायचे, टेप लावायचे. आबा डोळे मिटायचे. मग निकाल. “मडक्यात बोलल्यागत हाय.” “नुसतं ढब ढब. बैल पाण्यात पडलाय काय?” काका पेटी उतरवायचे आणि पुन्हा करवत घ्यायचे. असं किती वेळा झालं ते मला विचारू नका. शेवटी एकदा आबाच कंटाळून म्हणाले, “कणीक लावलीस काय?” धुम्याला ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय पखवाज बोलत नाही, हे खरं. “आबा, ह्यो पखवाज न्हाय, स्पीकर हाय,” म्हणून काका हसले. दोन दिवस हसतच होते. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, “वहिनी, एक गोळा द्या.” मी विरोध केला. विज्ञानाच्या युगात यंत्राला कणीक लावणं ही अंधश्रद्धा आहे, यावर पत्रक काढीन, असं बजावलं. काकांनी स्पीकरच्या कागदी पडद्यावर मधोमध गोळा थापला आणि मला बाहेर उभं केलं, आवाज बाहेर येतो का ते सांगायला.

ऐकू काहीच आलं नाही. नंबरप्लेट थरथरत होती आणि माझ्या चपलांखाली जमीन गुरगुरल्यासारखी वाटत होती. हा आवाज म्हणायचा की नाही? याचा निषेध कोणत्या शब्दांत करायचा? काचेतून आबा दिसत होते. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत वाजत होता; मग त्याच हातानं त्यांनी आपला डावा पंजा उचलून गुडघ्यावर ठेवला, जिथं धुमा असायचा तिथं. टेप संपली. काकांनी दार उघडलं आणि ते निकालाची वाट बघत उभे राहिले.

“पाणी जास्त झालंय,” आबा म्हणाले. “कणीक घट्ट मळायला सांग तिला.”

काका मटकन पायरीवर बसले. मला वाटलं, पुन्हा हरले. बघतो तर ते हसत होते आणि डोळे पुसत होते. मी विचारलं, “म्हणजे जमलं की नाही?” मावशी म्हणाली, “तुला काय कळतंय! जा, पत्रकं वाट.”

आबा गेल्या श्रावणात गेले. मावशी अजूनही कणीक मळताना एक गोळा घट्ट मळून बाजूला ठेवते. मागच्या आठवड्यात काकांनी मला शिरोळला सोडलं. टेप चालू होती, काचा लावलेल्या होत्या, आणि खालचा सूर येऊन मांडीवर बसला होता. मागची डावी जागा आता मोकळी आहे, चाक तिथं सहज बसेल. काकांनी तसं कधी सुचवलं नाही. मीही विचारलं नाही. चाक मी मांडीवरच घेतो.