तितिन, इमास आणि वायरवाला

इंडोनेशियातल्या बांडुंगच्या विद्यापीठात तितिन आणि इमास या दोघींचं टेबल एकच होतं. दोघी एकदमच नोकरीला लागल्या, एकाच बाईंच्या हाताखाली पीएचडी केली आणि तेव्हापासून दोघींनी पेयुमचा पिच्छा पुरवला होता. कसाव्याचे, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाचे, उकडलेले तुकडे विरजण लावून केळीच्या पानात झाकले की थोड्या दिवसांत ते मऊ आणि गोड होतात, तेच हे पेयुम. त्या विरजणात बुरशी असते, यीस्ट असतं, जिवाणू असतात. त्यातल्या एकेकाला वेगळं काढायचं आणि तो काय खातो, काय टाकतो ते बघायचं, हेच त्यांचं काम. दुपारी डबा एकत्र. इमासचा सांबल, म्हणजे तिकडचा मिरचीचा ठेचा, इतका जहाल असायचा की तितिन नाक पुसत पुसत खायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायची.

मग इमासनेच जाजांगला आणलं. तो होता वीज-अभियंता. "सुटं सुटं बघून काय कळणार? कोण कुणाच्या जिवावर जगतंय ते सगळं एकत्र मांडू," असं म्हणत त्याने कॉम्प्युटरवर बुरशी, यीस्ट, जिवाणू यांचं बाणाबाणांचं जाळं विणलं. इमास हरखून गेली. डब्याच्या वेळीही ती त्याच्या पडद्यापाशी.

तितिनने त्याचं नाव ठेवलं वायरवाला.

"काय गं, फ्यूज उडाला की काय आज? लवकर आलीस," ती इमासला म्हणायची.

"तू पण ये की. मजा येते."

"मला नको. मला जिवंत वस्तूंशी बोलायची सवय आहे."

असं म्हणायची खरी, पण इमासचं हसू भिंतीपलीकडून ऐकू आलं की ती हातातली काचेची नळी खाली ठेवायची. आपल्याबरोबर ही अशी कधी हसली होती, ते ती आठवत बसायची. घरी नवऱ्याला म्हणाली, "त्याला साधी बुरशी ओळखता येत नाही!" नवरा म्हणाला, "मग तुला कशाला इतकं लागतंय?" तितिनने दिवा मालवला आणि कूस बदलली.

एक दिवस जाळ्यातून भाकीत निघालं. विरजणातला एक आंबट जिवाणू काढून टाकला तर पेयुम जास्त गोड होईल. प्रयोग कुणी करायचा? "मी करते," तितिन म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की इमासने चमकून बघितलं. भाकीत फसावं म्हणून तितिनने जितकं मनापासून काम केलं, तितकं एखादं खरं ठरावं म्हणूनही कधी केलं नव्हतं. कुठे बोट दाखवायला जागा ठेवली नाही.

आणि ते फसलं. गोडी उलट घटली, पानं उघडताच दारूचा भपकारा आला. तितिन आकडे घेऊन जवळजवळ पळतच जाजांगकडे गेली.

"घ्या! तुमचं जाळं फाटलं."

जाजांगने आकडे बघितले आणि त्याचा चेहरा उजळला. "वा, तेह तितिन!" धाकट्याने ताईला म्हणावं तसं तो तिला तेह म्हणायचा. "बसा बसा. कुठे चुकलं असेल?"

तिची सगळी तयारी वाया गेली. ती बसली. त्याने एकेक बाण दाखवला, ती एकेकाला नावं ठेवत गेली.

"हे यीस्ट इथे मोकळा श्वास घेतंय. पानात झाकल्यावर हवा कुठली? हवा नसली की ते साखरेची दारू करतं."

"पानात झाकता?"

"मग काय वायरीने बांधते?"

तो पोट धरून हसला. तिलाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, भांडायलाच. मग रोजच जाऊ लागली. पडद्यावरच्या जाळ्यातली हवा कमी केल्यावर ते हळूहळू खऱ्या पेयुमसारखं वागू लागलं.

एका दुपारी ती उशिरा परतली तर इमास एकटीच जेवत होती.

"थांबायचं की गं."

"तुला वेळ कुठे असतो हल्ली," इमास डब्यातून मान न उचलता म्हणाली.

तितिनला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला गुदगुल्या झाल्या, अगदी आतून. इमासने पुढे केलेला सांबल तिने चवीने खाल्ला आणि मुद्दामच जाजांगचा विषय काढला.

तिघांचा शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव इमासचं, म्हणून तितिन आठवडाभर धुमसली. मग जाजांगला दूर सुराबाया शहरात चांगली जागा मिळाली आणि तो गेला. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, पुढे कमी झाले.

एकदा इमास फोन ठेवून फणकारली, "आता कुठल्याशा बाईबरोबर काम करतोय. कोळंबीच्या पोटातले जंतू. भारी हुशार आहे म्हणे."

"कोळंबी?" तितिन म्हणाली. "त्यात काय हुशारी लागते?"

"वास तरी कसा सहन होतो त्याला!"

त्या दुपारी डबे संपले तरी दोघी उठल्या नाहीत. त्या कोळंबीवालीला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तरी तिचं सगळं चुकतंय यावर दोघींचं एकमत झालं.