टाक्यांमागची खिडकी

“म्याडम, पाहिजे तेवढ्या लाइटी लावा. फक्त टाक्यांना हात लावू नका.”

चेअरमननी दारातच सांगितलं. बाहेर मे महिन्याचं ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि त्यांच्या घरात भरदुपारी ट्यूबलाइट चालू होती.

मी अंबाजोगाईत वायरिंगची कामं घेते. लायसन माझ्याच नावावर आहे. नवऱ्याच्या नाही, भावाच्याही नाही. हे नव्या गिऱ्हाइकाला दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकते.

गावाच्या कडेला एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची कॉलनी आहे, तिचे हे चेअरमन. त्या वर्षी दुष्काळात सगळे बोअर आटले होते. टँकर संस्थेच्या नावावर यायचा आणि सगळ्या घरांना सारखं पाणी द्यायचा, असं सांगितलं जायचं. आधी कुणाच्या दारात थांबायचं, हे मात्र चेअरमन ठरवायचे.

काम होतं त्यांच्या सुनेच्या खोलीचं. रेखा ब्लाउज शिवायची. नवरा पुण्याला कंपनीत होता, घरी फारसं काही पाठवत नव्हता. तिचा आणि तिच्या मुलीच्या शाळेचा खर्च त्या मशिनीवर चालायचा. गिऱ्हाइकं सगळी कॉलनीतल्याच बायका.

खोलीला एकच मोठी खिडकी, धुरकट काचेची. तिच्यासमोर, खोलीच्या आतच, एकावर एक पाण्याच्या टाक्या. काळ्या टाक्या बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून पातळ, पांढऱ्या प्लास्टिकच्या आणलेल्या. मशीन कोपऱ्यात सरकवलेली.

“हे बघा,” रेखानं एक काळं ब्लाउज माझ्या हातात दिलं. “जोगदंड सिस्टरचं हाय. दोनदा उसवलं. काळ्यावर काळा दोरा दिसतच न्हाई. सिस्टर म्हणल्या, रेखा, आता मापं तरी दिसतात का तुला?”

मी तिला मशिनीवर बसायला सांगितलं. ट्यूब तिच्या पाठीमागे होती. ती वाकली की तिच्याच डोक्याची सावली सुईवर पडायची. अशा खोलीत ट्यूबा वाढवून उपयोग नसतो. जिथे हात चालतो तिथेच उजेड पडला पाहिजे. त्याला आम्ही टास्क लाइट म्हणतो. आणि शिवणकामाला दिवसाच्या उजेडासारखा टास्क लाइट दुसरा नाही.

मी चेअरमनना म्हटलं, “वरच्या दोन टाक्या अंगणात ठेवा. माझं निम्मं काम कमी होईल.”

“अंगणात कावून? लोक रात्रीतून पाणी नेतात.”

“झाकणाला कुलूप लावा.”

“म्याडम, तुमी लाइटीचं बघा. पाण्याचं आमी बघतो.”

रेखा हळूच म्हणाली, “मामा म्हणतात तसं करा, ताई.” सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

मग मी माझं काम केलं. भिंतींना पांढरा रंग द्यायला लावला, कारण मळक्या भिंती उजेड गिळतात. जुनी ट्यूब काढून दोन्ही बाजूंना एलईडी ट्यूबा लावल्या, म्हणजे सावली पडत नाही. मशिनीवर वाकणाऱ्या मानेचा दिवा बसवला. दुष्काळात आमच्या धंद्याला एक गोष्ट बरी असते. विहिरीच कोरड्या, त्यामुळे शेतातल्या मोटारी बंद, त्यामुळे व्होल्टेज चांगलं. दिवे झगझगीत लागले. रेखानं काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची एक शिवण मारली, बोटानं चाचपून पाहिली आणि हसली. त्या घरात मी तिला हसताना एवढंच पाहिलं.

चार-पाच दिवसांनी चेअरमनचा फोन आला. “आत्ताच्या आत्ता या.”

दिवेलागण झाली होती. कॉलनीत शिरले तर बायकांचा घोळका रस्त्यात, तोंडं सगळ्यांची रेखाच्या खिडकीकडे. मीही पाहिलं. आत माझे दिवे चालू होते. धुरकट काचेवर टाक्यांचे आकार स्वच्छ उमटले होते. पातळ प्लास्टिकमधून पाण्याची पातळीसुद्धा दिसत होती. खाली गडद, वर फिकट. सगळ्या टाक्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

जोगदंड सिस्टर सरकारी दवाखान्यातली ड्यूटी संपवून तशाच उभ्या होत्या, हातात रिकामी घागर. “आमाला दोन घागरीत अंघोळी करायला सांगता, चेअरमन! अन् तुमच्या सुनंच्या खोलीत धरण?”

“ते संस्थेचं राखीव पाणी हाय,” चेअरमन पायरीवरून म्हणाले. “सगळ्यांसाठीच ठिवलंय.”

“मग द्या की. भरा ही घागर.”

“मीटिंगमधी ठराव करू.”

एक बाई मोठ्यानं हसली. बाकी कुणी हसलं नाही. उद्याचा टँकरही चेअरमनच्याच फोनवर येणार होता. घोळका हळूहळू पांगला.

चेअरमन माझ्याकडे वळले. “काढा ह्या लाइटी.”

“मी काम नीट केलंय. काढणार नाही.”

“तुमी न्हाई तर दुसरा काढंल. माणसं कमी हाईत व्हय?” मग ते आत बघून ओरडले, “दिवे लावून सगळ्या गल्लीला दावत बसलीस! अक्कल हाय का?”

रेखा मशिनीवरच बसली होती. तिनं उठून बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वायरमननं ट्यूबा काढल्या. खिडकीवर आतून फ्लेक्स ठोकला, चेअरमनच्याच वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. मी टेस्टर विसरले होते तो न्यायला गेले, तेव्हा सिस्टर दारात आल्या होत्या. त्यांनी आपलं कापड मागितलं. ब्लाउज तयार होतं, हुक तेवढे राहिले होते.

“आजच्या आज लावून देते, सिस्टर,” रेखा म्हणाली.

“राहू दे. ह्या घरातलं काही नको आमाला.”

मागोमाग बाकीच्या बायकांनीही कापडं नेली. टाक्या चेअरमनच्या, उजेड माझा, आणि बंद पडली रेखाची मशीन. त्या मीटिंगमध्ये टँकरचा विषयच निघाला नाही. पुढच्या निवडणुकीत चेअरमन बिनविरोध आले. सिस्टरनीही अर्ज भरला नाही. त्यांच्या घरीही टँकर यायला हवाच होता.

निवडणुकीनंतर चेअरमननी मला गेटवर दोन मोठे दिवे बसवायला बोलावलं. मी नाही म्हटलं. आता ते गेट लांबूनही उठून दिसतं, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बसवले.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की आत शिरण्याआधी मी रस्त्यावर उभी राहून खिडक्या बघून घेते. आणि आत गेल्यावर विचारते, उजेड कुणाला हवाय. उत्तर देणारा माणूस आणि त्या खोलीत बसणारा माणूस वेगळा निघाला, तर एस्टिमेट देत नाही.