काकूनं विचारलेली बाभळ

कुरुंदा गावातलं वावर मला काकांनी दिलं, पण मी उपकार मानते ते काकूचे.

काकांना मूलबाळ नव्हतं. मरताना त्यांनी वावर काकूला हयातभर कसायला ठेवलं आणि तिच्या माघारी माझ्या, म्हणजे पुतणीच्या नावानं लिहिलं. मी तेव्हा चौथीत होते.

त्या साली हळद शिजवायला सरपण कमी पडलं. काकू कुऱ्हाड घेऊन विहिरीवरच्या बाभळीखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "पोरी, तोडू का गं?"

"मला काहून विचारून राहिलीस?"

"माझ्या मागं वावर तुझंच हाय ना."

बाभळीला सुगरणीची घरटी लटकली होती. मी ठसक्यात सांगितलं, "न्हाई."

शेजारीपाजारी हसले. काकूनं मात्र कुऱ्हाड ठेवून दिली आणि आठ दिवस दुसऱ्यांच्या रानातून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावरून वाहिले. मी एकही भारा उचलला नाही. मालकिणीच्या तोऱ्यात कढईजवळ बसून राहिले. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काकू गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायचं म्हणून काकांचं मृत्युपत्र मी पहिल्यांदा स्वतः वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की वावरातलं कुठलंही झाड काकूनं खुशाल तोडावं, कोणाला विचारायची गरज नाही.

"काकूला हे माहीत नव्हतं का?" मी वडिलांना विचारलं.

"माहीत होतं की," वडील म्हणाले. "मीच वाचून दाखवलं होतं तिला."