सातव्या तळ्याची नोंद

छापखान्यात चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून झाल्यावर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तिने विद्यापीठाच्या पर्यावरण विभागात संशोधनासाठी नाव घातलं. गटातली मुलं तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी तिची मावशी करून टाकली. मार्गदर्शक मॅडमसुद्धा तिच्याहून धाकट्याच, पण त्या अहो-जाहो करत, आणि तेवढ्यावर ती खूश होती. आई मात्र अंथरुणातून टोमणा मारायची, "एवढी शिकलीस ती काय किडे मोजायला?"

किडे नव्हेत, पाण्यावर भिरभिरणारे चतुर. तिच्या वाट्याला शहराबाहेरची सात तळी आणि दर पंधरवड्याला एक फेरी. चतुर उन्हातच उडतात, म्हणून वेळ अकरा ते दोन. प्रत्येक तळ्याच्या काठी पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसतील तेवढे मोजायचे आणि आकडा वहीतल्या चौकटीत लिहायचा. मॅडमनी सुरुवातीलाच एक गोष्ट बजावली होती. पाहिलं आणि एकही दिसला नाही, तर शून्य लिहा. पाहिलंच नाही, तर चौकट कोरी सोडा. यात बजावण्यासारखं काय आहे, तेच मावशीला कळेना. प्रुफं वाचून डोळे झिजवलेल्या बाईला हे कोणी शिकवावं!

नऊ महिने तिने डोळ्यांत तेल घालून मोजलं. मुलं पोटदुखीची सबब सांगत, तेव्हा त्यांच्या वाटच्या फेऱ्याही हीच करी. मग एका दुपारी सहावं तळं आटोपून ती सातव्याकडे निघाली, तोच शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. ती तशीच मागे फिरली.

आईला नुसता मुका मार बसला होता. दुसऱ्या दिवशी वही उघडली, तर सातव्या तळ्याची चौकट कोरी. आधीच्या दोन्ही फेऱ्यांत तिथे शून्यच होतं, कालही तेच असणार, असं तिने स्वतःला समजावलं. खरं तर तिच्या वहीत आजवर एकही कोरी चौकट नव्हती, आणि ही पहिली सोडणं तिच्या अगदी जिवावर आलं. तिने शून्य काढलं. चांगलं गोल गरगरीत काढलं.

पुढच्याच आठवड्यात गटाची बैठक होती. मॅडम तक्ता नाचवतच आल्या. "सातव्या तळ्यावर सलग तीन शून्यं! म्हणजे आपल्या नियमाने चतुर तिथून गेले. लेखाची सुरुवात इथूनच करायची. आणि हे श्रेय मावशींचं." मॅडमनी पहिल्यांदाच तिला मावशी म्हटलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस ती वही उघडून ते गोल शून्य बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तिने सगळं सांगून टाकलं.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि बाकीची शून्यं?"

"सगळी खरी आहेत, मॅडम. आईशपथ."

"माझा विश्वास आहे हो. पण लेख वाचणाऱ्याला काय सांगू? एक सोडून बाकी खरी आहेत, आमच्या बाई शपथ घेतात म्हणून?"

तिने वही मॅडमपुढे सरकवली.

"तुमच्या सगळ्या फेऱ्या तक्त्यातून काढाव्या लागतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "सोमवारपासून नव्याने सुरू करा. सोबत कोणीतरी येईल."

ते काढायचं कामही तिनेच मागून घेतलं. संगणकापुढे बसून ती एकेक आकडा पुसत गेली. एका दुपारी ऊन लागून ती काठावरच बसली होती आणि बसल्या बसल्या अठ्ठावीस चतुर मोजले होते, ते अठ्ठावीसही गेले. शेवटी पडद्यावर नुसत्या कोऱ्या चौकटी राहिल्या. नऊ महिने त्या तळ्यांवर कोणी फिरकलंच नव्हतं, असा आता त्यांचा अर्थ होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी पाणी घेऊन आली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण रडतोय.

संध्याकाळी ती घरी आली. आईने पाय चोळत नेहमीसारखं विचारलं, "काय गं, आज किती किडे?"

"आज पाहिलंच नाही, आई," ती म्हणाली.