सुमेधाताईंचं विरजण

तुर्भ्याच्या आमच्या औषध कंपनीत मी उंदरांचा डॉक्टर होतो. पदवी जनावरांच्या डॉक्टरची, पण नशिबात गाई-म्हशी नव्हत्या, पांढरे उंदीर होते. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर जंतूंची प्रयोगशाळा होती आणि तिथे सुमेधाताईंचं राज्य. कामाला वाघीण, हाताला स्वच्छ. पण मनात कुणाबद्दल एकदा आलं की ते कपड्यावरच्या हळदीसारखं, धुऊन निघायचं नाही.

१९९५च्या थंडीत त्यांना तो जंतू मिळाला. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातला कृष्णात नावाचा माथाडी, साताऱ्याकडचा, न्यूमोनियाने इस्पितळात पडला होता. त्याच्या रक्तातून ताईंनी तो वाढवला. हा जंतू तसा कित्येक धडधाकट माणसांच्या नाकाघशात गुपचूप राहतो. फुफ्फुसात उतरला की मात्र तिथल्या हवेच्या जागी पाणी भरतं आणि माणूस धापा टाकायला लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात, पण त्याच्या अंगावर साखरेचा बुळबुळीत कोट असतो, तो हाती लागत नाही. कृष्णात पेनिसिलिनने बरा होऊन परत गोणी उचलायला लागला. जंतू ताईंकडे राहिला आणि त्याचं नावही त्यांनी कृष्णातच ठेवलं. रविवारी ‘कृष्णातला बघून येते’ म्हणत त्या वाशीच्या घरातून निघाल्या की त्यांचे यजमान मधुकरराव पेपरातून डोकं वर काढायचे. हा कोण कृष्णात, असं त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलंसुद्धा.

ताईंचं म्हणणं साधं होतं. कोट हेच याचं बळ, तर लस कोटाविरुद्धच हवी. शरीराला तो कोट ओळखायला शिकवा, मग पांढऱ्या पेशी याला कोटासकट धरतील. हे सांगताना त्यांचे डोळे चमकायचे, आणि आम्ही माना डोलवायचो.

मग हैदराबादहून पीएचडी करून गीतांजली आली. ताईंपेक्षा बरीच लहान, बोलायला गोड. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने विचारलं, असे कोट ऐंशीहून जास्त तऱ्हांचे आहेत, लसी किती करणार? शिवाय साखरेची लस तान्ह्या मुलांना नीट लागू पडत नाही. त्यापेक्षा कोटाखालचं प्रथिन धरू, ते बऱ्याच जणांत सारखं असतं. आणि हा जंतू पेशींना भोकं पाडणारं विष सोडतो, ते अडवणारं औषधही शोधू. आमचे साहेब धर्मराज सर खूश झाले. ताई हसतच होत्या, पण त्या दिवशी त्यांचा डबा न उघडताच घरी परत गेला.

त्यानंतर गीतांजलीचं सगळंच त्यांना खुपायला लागलं. तिचं इंग्रजी, तिचे लांब केस, सरांनी तिला दिलेली खिडकीजवळची जागा. माझे इथे केस पिकले, मला कधी खिडकी नाही मिळाली, असं त्या माझ्याकडे येऊन म्हणायच्या. उंदीर बिचारे ऐकून घ्यायचे, मीही.

सरांनी सांगितलं, कृष्णातच्या थोड्या कुप्या गोठवून सगळ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि एक गीतांजलीला द्या. ताई ‘देते’ म्हणाल्या आणि दिली नाही. त्यांच्या सोसायटीत कुणी विरजण मागायला आलं तर याच ताई वाटी भरून द्यायच्या, आणि आपलं बिघडलं की शेजारी वाटी घेऊन जायच्या. दिलेलं विरजण असंच शेजारात जिवंत राहतं, हे त्यांना सांगायला नको होतं. पण या विरजणाचा थेंबही बाहेर जाऊ नये म्हणून त्या कृष्णातला स्वतःच्या हाताने एका ताटलीतून दुसऱ्या ताटलीत, ताज्या रक्ताच्या खाद्यावर लावत राहिल्या, आणि कपाटाला कुलूप. गणपतीतसुद्धा आरती मधुकररावांवर सोपवून आल्या. मधेच ताटलीतले जंतूंचे ठिपके थोडे निस्तेज दिसायला लागले, तेव्हा त्यांना वाटलं, गीतांजलीनेच खाद्यात काहीतरी घातलं असणार.

पुढच्या वर्षी वरून निरोप आला की दोन्ही लसी पोसता येणार नाहीत, एकच ठेवा. म्हणून परीक्षा ठरली. काही उंदरांना ताईंची लस, काहींना गीतांजलीची, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना कृष्णात टोचायचा. ज्याच्या लसीचे उंदीर जगतील, त्याचं काम पुढे चालेल.

ठरल्याप्रमाणे मी टोचलं. लस न दिलेले उंदीर मरायला हवे होते. ते मजेत दाणे कुरतडत राहिले, त्यामुळे कुठली लस खरी ते कळेचना. ताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. कृष्णातच्या अंगावर कोटच नव्हता. ताटलीत ना पांढऱ्या पेशी, ना कुणी शत्रू. कोट शिवण्याचे कष्ट ज्यांनी सोडले ते जंतू झपाट्याने वाढले, आणि ताई दर वेळी त्यांनाच उचलून पुढे लावत गेल्या.

सरांनी एक संधी अजून दिली. कोट असलेला कृष्णात आता कुठून आणायचा, असं विचारत ताई माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, गीतांजली आली त्याच सुमारास तुम्ही कृष्णात पहिल्यांदा उंदरांना देऊन पाहिला होता, ते मेलेही होते. सरांनी सांगितलं होतं म्हणून त्यातल्या एकाचं रक्त मी तिला दिलं. तिने ते तेव्हाच गोठवलंय, म्हणजे त्यातल्या कृष्णातचा कोट शाबूत असणार.

“मला न विचारता?” ताईंचे कान लाल झाले.

मी म्हटलं, विरजण मागायला जाताय, वाटी घेऊन जा. त्या हसल्या नाहीत. दुपारभर माझ्याकडे उंदरांपाशीच बसून राहिल्या, मग उठून वर गीतांजलीकडे गेल्या. मागोमाग मीही गेलो.

“माझा कृष्णात बिघडला,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडचा देशील?”

“ताई, तुमचाच आहे तो.” गीतांजली लगेच उठली आणि फ्रीझर उघडला.

या वेळी लस न दिलेले उंदीर मेले. गीतांजलीच्या लसीचे निम्मे वाचले. ताईंचे सगळे वाचले. काम ताईंना मिळालं. गीतांजलीने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या विषावरच्या औषधाच्या मागे लागली.

संध्याकाळी ताई पेढ्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. मी तोंड गोड केलं, अभिनंदन केलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

“तिला माहीत होतं ना, दिलं तर हरू शकते?”

“व्हय, म्हाईत हुतं की,” मी माझ्या गावाकडच्या बोलीत म्हणालो.

“मग दिलं कशाला? मी नसतं दिलं.”

आणि वर गीतांजलीला पेढे द्यायला त्यांनी मलाच पाठवलं.