दिवा जवळ आणला तरी

माझ्यावर सगळ्यात मोठे ऋण आहे ते परभणीच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई असलेल्या, सगळी मुले ज्यांना मामा म्हणत त्यांचे. मी पेडगावचा, घरातला पहिला बी.एस्सी. मामा सातवी शिकलेले. फोटोसेल मला त्यांनीच दाखवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सेलवर प्रकाश पडला की आतल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मीटरचा काटा हलतो. उलटे व्होल्टेज वाढवत नेले की काटा शून्यावर येतो. दिवा जवळ आणला तर इलेक्ट्रॉन जास्त सुटतात, पण त्यांचा जोर वाढत नाही. जोर प्रकाशाच्या रंगावर ठरतो. म्हणजे त्यांना थांबवणारे व्होल्टेज तेच राहायला हवे. आमच्या वर्गाच्या जर्नलांत मात्र ते वाढत गेलेले! कुणीतरी पूर्वी चुकवलेला आलेख दरवर्षी मुले उतरवून काढत होती, कारण महागाचा सेल सर कपाटाबाहेर काढूच देत नसत.

मी मामांच्या मागे लागलो. किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्यांनी सेल कपाटातून काढला आणि अंधारासाठी खिडकीला घोंगडी लावली.

"फुटला तर माझी नोकरी जाईल, पोरा. तू काट्याकडं बघ, मी दिवा सरकवायलोय."

दिवा तीनदा सरकवला. तिन्ही वेळा काटा त्याच व्होल्टेजला शून्यावर आला.

"लिही आता," मामा म्हणाले, "बघायला काय लागलास?"

सरांनी त्या पानावर लाल फुली मारली.

"सगळ्या वर्गाचं एक आणि तुझं एक? पेडगावात नवं शास्त्र निघालंय का?"

वर्ग हसला. मामा दारातून म्हणाले, "सर, दिवा मी सोता धरला व्हता. बरोबर हाय त्याचं."

"तुम्ही टेबलं पुसा."

सरांनी मीटरकडे पाहिलेसुद्धा नाही. जर्नलवर सही नाही तर परीक्षा नाही. मी खोटा आलेख काढला, सही घेतली. जर्नलांचा गठ्ठा उचलताना मामांनी तो आलेख पाहिला, जर्नल मिटले आणि गठ्ठा कपाटात नेऊन ठेवला. ते आठवले की आजही माझे डोके तापते.

ताडकळसच्या शाळेत लागलो तेव्हा मी त्यांना पत्र लिहिले:

"मामा, सविनय जयभीम. मी आता मुलांना विज्ञान शिकवतो. तुम्ही सरांपुढे माझ्यासाठी बोललात आणि मी तुम्हालाच खोटे पाडले. सरांवरचा राग गेलेला नाही, स्वतःवरचा तर मुळीच नाही. लाल फुलीचे पान मी जपून ठेवले होते, ते सोबत पाठवतो. त्यावर सहीची जागा रिकामी आहे. तिथे तुमची सही करा आणि पान परत पाठवा."