कुरणावरची झोप

"दमले नाही हो, थांबलेय." शाळेचा जिना चढताना बाई मध्येच कठड्याला हात टेकून उभ्या राहायच्या आणि कुणी विचारायच्या आतच हे सांगून टाकायच्या.

श्रीवर्धनच्या आमच्या शाळेत त्या कार्यालयात लेखनिक होत्या, मी भूगोल शिकवायचे. त्यांच्या सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. मधल्या सुट्टीत बाई घरी जात, त्यांची कूस बदलत, चार घास भरवत आणि घंटेच्या आत परत येऊन टेबलाशी बसत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. डोळे उघडे असतात, पण झोप कधीची राहून गेलेली असते.

सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही काही शिक्षक हिमाचलातलं एक राष्ट्रीय उद्यान बघायला निघालो होतो. बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या.

"मॅडम, मी आले तर चालेल? सगळ्यांच्या मागे असेन, पण येईन."

त्या खरोखरच मागे राहिल्या. देवदारांतली चढण, विरळ हवा. समुद्रकाठी वाढलेले आम्ही सगळेच धापा टाकत होतो. बाई तर दर वीस पावलांवर थांबायच्या. तिसऱ्या दिवशी झाडं संपली आणि मोठं कुरण लागलं. समोर बर्फाचे डोंगर. बाई एका दगडाला टेकल्या.

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते इथे."

परतीची वाट तीच होती, म्हणून वाटाड्याही हो म्हणाला.

वर खिंडीत नुसतं धुकं. तासभर वाट बघून आम्ही निमूट उतरलो. कुरण दिसू लागलं तसा वाटाड्याने हात आडवा धरला. खाली बाई तोंडावर ओढणी घेऊन गवतात गाढ झोपल्या होत्या आणि त्यांच्याभोवती पंधरा-वीस रानमेंढ्या चरत होत्या. तिथे त्यांना भरल म्हणतात. तीन दिवस आम्ही दुर्बिणी लावून शोधत होतो त्याच. एक तर अगदी बाईंच्या पायांशी.

कुणीही कॅमेरा काढला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. मेंढ्या आपणहून निघून गेल्या, तरी बराच वेळ कुणी खाली उतरेना.

ऊन कललं तेव्हा मी बाईंना हलवलं, काय झालं ते सांगितलं. त्या तुडवलेल्या गवताकडे बघत राहिल्या.

"उठवलं नाहीत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "अशी झोप मला कुठे मिळणार होती?"

परतल्यावर दोनच महिन्यांत त्यांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला. बाईंनी नोकरी सोडली. कार्यालयात त्यांच्या टेबलाशी आता दुसरं कुणी बसतं.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. यजमान ओटीवर खुर्चीत होते आणि बाई त्यांच्या गालांना साबण लावत होत्या.

"यंदा कुठे जाताय?"

"सिक्कीमला जायचं म्हणतोय."

"जाऊन या. आल्यावर सांगा मला सगळं."

मग त्यांनी दोन बोटांनी यजमानांची हनुवटी वर उचलली आणि श्वास धरून, सावकाश, गळ्यावरून वस्तरा फिरवू लागल्या.